उद्या सकाळी रामबागेत या, आणि जमेल तसा हातभार लावा

सर्व सभासद, हितचिंतक आणि वाड्यावाड्यांतल्या मंडळींना नमस्कार.

बातमी कळलीच असेल. परवा रात्री नाक्यावर गाड्या तपासताना डंपरनं आपल्या हवालदाराला चिरडलं, तो गेला. उद्या रामबागेतल्या मुक्तिधामात (स्मशानात) त्याला निरोप द्यायचा आहे. कागदावर तो प्रधान आरक्षक. आपल्याकडे मात्र दहा दिवस आरतीला ढोल वाजवणारा, आणि अनंत चतुर्दशीला नेमका गायब. त्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले देखावे) निघतात, तो बंदोबस्तात असायचा. आपलं विसर्जन त्यानं नोकरी लागल्यापासून एकदाही पाहिलं नाही. (घरच्यांच्या इच्छेवरून नाव-फोटो टाकत नाही.)

मंडळानं अशा वेळी कधी हात आखडला नाही. २१ ऑक्टोबरला आपण दरवर्षी दिवे लावतो. १९५९ साली त्याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी हल्ल्यात दहा पोलीस जवान गेले, म्हणून तो पोलीस स्मृतिदिन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चौकातल्या बंदोबस्ताला आपले डबे जायचे. स्नेहलतागंजच्या काकूंनी सत्तरी उलटलेली असताना रोज पहाटे पोळ्या लाटल्या. सराफ्यातल्या दोघा बंधूंनी महिनाभराचा शिधा दिला आणि फलकावर नाव लिहू दिलं नाही. गिरणीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी तर पेन्शनमधले पैसे पाकिटात घालून माझ्या सायकलच्या टोपलीत टाकले होते. ही आपली माणसं!

आता थोडं लागेल असं बोलतो. २००८ मध्ये तुकाराम ओंबळे कसाबची बंदूक धरून गोळ्या झेलत गेले, तेव्हा आपल्या शोकसभेला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि चार वर्षांपूर्वी मागच्याच गल्लीतला शिपाई ड्यूटीवर असताना वारला, त्याच्या अंत्ययात्रेला वर्दीतले जास्त आणि आपले अकरा. मी मोजले होते. ग्रुपवर मात्र ‘शत शत नमन’चा पाऊस. मुंबईच्या पोलिसासाठी रडलो, ते योग्यच. शेजारच्यासाठी दोन तास निघत नाहीत?

मुक्तिधामात पोलीस सलामी देतील. ‘शोक शस्त्र’ म्हटलं की बंदुका उलट्या होतात, बिगुल वाजतो, हवेत फैरी झडतात. तेव्हा फक्त उभं राहायचं, मोबाइल खिशात. तिरंगा चितेवर ठेवत नाहीत, अग्नी देण्याआधी काढून घडी करून घरच्यांच्या हाती देतात. त्या वेळी वहिनींच्या बाजूला आपल्या बायका असाव्यात, एवढं माझं मागणं आहे.

सरकारी मदत आणि अनुकंपा नोकरी येईल, पण फाइल तिच्या चालीनं चालते. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत, फी जूनमध्ये.

तपशील: पार्थिव सकाळी आठला डीआरपी लाइनीतून (पोलीस लाइनीतून) घरी, नऊला यात्रा, दहाच्या सुमारास रामबाग मुक्तिधाम, कपडे साधे, गाड्या बाहेरच, पाण्याची बाटली सोबत, देणगी रोख किंवा मंडळाच्या फलकावरच्या क्यूआरवर, तेराव्याच्या आत, पावती मागून घ्या, ८०जीची करसवलत नाही (आपण तेवढे मोठे नाही), अन्नधान्य नको, तूर्त घरी पुरेसं आहे.

आपला,
कार्यवाह

ता. क. सतरंज्यांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज रात्रीच आणून द्यावी. गणपतीनंतर ती परत आलेली नाही.