माकडतापावरचं औषध रोपात होऊ शकतं, फक्त भातात नको

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

बांद्याच्या आसपास काजूची बाग असलेल्या कुणालाही विचारा, जानेवारी उजाडला की आम्ही आधी मोहोर बघत नाही, रानात कुठे माकड मरून पडलंय का ते बघतो. 2016 पासून दोडामार्ग, सावंतवाडी भागात माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा आणि माकडं नि माणसं दोघांनाही मारणारा विषाणूचा ताप आला तेव्हापासून हे असंच चाललंय. काजी वेचायला पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत हात घालावाच लागतो आणि त्याच पातेऱ्यात गोचिडीची पिल्लं असतात, राईच्या दाण्यापेक्षा बारीक, चावलेलं कळतसुद्धा नाही.

आमच्या वहिनीला असंच झालं. संध्याकाळी पाय धुताना घोट्याच्या वर एक काळा ठिपका दिसला, चिखल असेल म्हणून तिने घासला, निघेना, नखाने ओढून काढला आणि विसरून गेली. पाचव्या दिवशी सकाळी चूल पेटवायला उठली नाही, मी हाक मारली तर म्हणाली, "रे, माका उठाक जमना नाय." जिथे नेलं तिथे साधा ताप म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. नंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा धावाधाव, मग रक्ताचा नमुना पुण्याला गेला, रिपोर्ट आला माकडताप. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की यावर औषध नाही, सलाईन लावायचं, ताप खाली ठेवायचा, गरज पडली तर रक्त द्यायचं आणि वाट बघायची. ती वाचली. या तापात शंभरातले तीन ते पाच जण जातात, आणि ते कोण असतात तर काजी वेचणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरं राखणारे.

आता जरा विचार करा, हा विषाणू 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातून पुण्याच्याच संस्थेने शोधून काढला, म्हणजे साठ वर्षं कधीच उलटून गेली, आणि अजून आपल्याकडे नेमकं यावरचं औषध नाही. जुनी लस होती, ती घेऊनही लोक आजारी पडायचे. मोठ्या कंपन्यांना यात रस का असेल, रोगी मूठभर आणि तेही गरीब.

म्हणूनच रोपांमध्ये औषध तयार करायच्या तंत्राबद्दल वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. तंबाखूच्या जातीतलं एक ऑस्ट्रेलियन रोप आहे, निकोटियाना बेंथामियाना. ते ग्रीनहाऊसमध्ये पाच-सहा आठवडे वाढवतात, मग ज्या प्रथिनाची गरज आहे त्याचा जीन, म्हणजे जनुक, मातीतल्या एका जिवाणूत घालतात, त्या जिवाणूच्या पाण्यात रोपं उलटी बुडवून हवा खेचून घेतात म्हणजे ते पाणी पानाच्या आत शिरतं, आणि आठवड्याभरात पान ते प्रथिन बनवायला लागतं. पानं कापायची, रस काढायचा, शुद्ध करायचा. या पद्धतीत बदल पानापुरताच राहतो, बियांमधून पुढच्या पिढीत जात नाही, रोप तिथेच संपतं.

2014 मध्ये आफ्रिकेत इबोला आला तेव्हा झेडमॅप नावाचं तीन अँटिबॉडींचं (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या प्रथिनांचं) औषध याच रोपात बनवलेलं होतं. साठा ऑगस्टमध्येच संपला, आणि पुढे काँगोमधल्या चाचणीत दुसरी औषधं त्याच्यापेक्षा सरस ठरली, तेही सांगायला हवं. पण रोपात बनलेली अँटिबॉडी माणसाला देता येते हे तर दिसलं ना. आमच्या कामाची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. 2010 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या विद्यापीठात वेस्ट नाईल तापावरची अँटिबॉडी याच रोपात बनवली आणि आधीच लागण झालेले उंदीर त्याने वाचवले. वेस्ट नाईल आणि माकडताप दोन्ही एकाच कुळातले विषाणू, एक डासातून येतो, दुसरा गोचिडीतून. ती अँटिबॉडी आपल्याला चालेल असं नाही, वेगळी शोधावी लागेल, पण वाट तर कुणीतरी पाडून ठेवलीय.

जागा किती लागते बघा. समुद्रातल्या लाल शेवाळातलं ग्रिफिथसिन नावाचं विषाणूविरोधी प्रथिन 2009 मध्ये अमेरिकेत 5,000 चौरस फुटांच्या ग्रीनहाऊसमधल्या याच रोपांतून 60 ग्रॅम निघालं. 5,000 चौरस फूट म्हणजे साडेचार गुंठे, एवढी जागा तर आमच्याकडे घराच्या मागे असते.

जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक म्हटलं की आपल्याकडे लगेच बीटी कापूस आठवतो आणि 2010 मध्ये थांबवलेलं बीटी वांगं आठवतं आणि माणूस हात वर करतो. पण घरोघरी फ्रीजच्या दारात इन्सुलिन असतं ते 1982 पासून जनुक बदललेल्या जिवाणूतून नाहीतर यीस्टमधून येतंय, त्याला कुणी विरोध करत नाही कारण ते जीव टाकीच्या बाहेर पडत नाहीत. मला रोपांसाठी तेच हवंय, बंद ग्रीनहाऊस आणि न खाण्याचं रोप.

आणि इथे माझा एक ठाम आग्रह आहे. स्पेनमध्ये 2018 मध्ये एचआयव्हीला अडवणारी प्रथिनं भाताच्या दाण्यात तयार करून दाखवलीत. ऐकायला छान वाटतं, दाणा सुका राहतो, फ्रीज लागत नाही. पण कोकणात हे चालणार नाही. आमचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा केवढा, मध्ये वीतभर मेर (बांध), तरवा (लावणीची रोपं) कमी पडला की शेजाऱ्याकडून आणायचा, बियाणं एकमेकांत फिरणार आणि भात भरडायला सगळं गाव एकाच गिरणीवर. औषधाचा दाणा जेवणाच्या भातात गेला तर तो वेगळा कोण काढणार? अमेरिकेत 2002 मध्ये औषधी मक्याची उगवलेली रोपं सोयाबीनमध्ये मिसळली तर 5 लाख बुशेल (तिकडचं धान्याचं माप) सोयाबीन नष्ट करावं लागलं, आणि तिकडे शेतं केवढी असतात. तेव्हा भाताला हात लावू नका.

खाजगी कंपनीच्या भरवशावर हे सोडूनही चालणार नाही. कॅनडात याच रोपात बनलेल्या कोरोना लशीला फेब्रुवारी 2022 मध्ये मान्यता मिळाली आणि वर्षभरात मालकांनी कंपनीच बंद करून टाकली. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, पुण्याची विषाणू संस्था आहे, दोघांनी मिळून राज्य सरकारकडून पैसे घेऊन हे काम हातात घ्यावं. ग्रीनहाऊस चालवणारी माणसं दापोलीकडे आहेत, विषाणू पुण्याकडे आहे. जीईएसीची, म्हणजे जनुक बदललेल्या जिवांच्या कामाला मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीची परवानगी रीतसर घ्या, काय चाललंय ते गावाला मराठीतून सांगा, लपवाल तर लोक आधी दगड उचलतील.

अशी अँटिबॉडी शोधायला माकडतापातून बरं झालेल्या माणसाचं रक्त लागतं. अशी माणसं आमच्याकडे वाडीवाडीत आहेत. वहिनीला मी विचारलंय, ती द्यायला तयार आहे.

आपला,
एक काजू बागायतदार, सावंतवाडी तालुका