कॅमेऱ्यांच्या निविदेत विजेचा हिशेबही हवा

माननीय संपादक,

शाळा, पोलीस ठाणी आणि गृहनिर्माण संस्थांमधले सीसीटीव्ही कॅमेरे ऐन वेळी बंद होते, अशा बातम्या वारंवार वाचायला मिळतात आणि त्यांवरची चर्चा बहुधा कॅमेऱ्यांच्या दर्जापाशीच येऊन थांबते. नेटवर्क उभारणीचे काम करणारा अभियंता या नात्याने मला सांगावेसे वाटते की यांतले कितीतरी कॅमेरे धडधाकट असतात. उणीव असते ती त्यांना वीज पुरवणाऱ्या नेटवर्क स्विचच्या, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीच्या, निवडीत आणि तिच्या पोर्टच्या, म्हणजे केबल जोडायच्या खाचांच्या, सेटिंगमध्ये.

आजच्या आयपी कॅमेऱ्याला, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला, विजेची वेगळी वायर सहसा टाकत नाहीत. चित्र वाहून नेणाऱ्या इथरनेट केबलमधूनच त्याला वीज मिळते. या सोयीला पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजेच पीओई म्हणतात. २००३ च्या मानकानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅट झाली आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत गेली. मात्र हे आकडे एकेका पोर्टचे आहेत. सगळ्या पोर्टना मिळून स्विच किती वीज देऊ शकतो, याची मर्यादा वेगळी असते. तिला आम्ही पीओई बजेट म्हणतो आणि निविदांमध्ये नेमका हाच आकडा गाळलेला असतो. ‘२४ पोर्टचा पीओई स्विच’ एवढेच लिहिले, की ठेकेदार १९० वॅट बजेटचा स्विच देऊनही नियमात बसतो. सर्व पोर्टवर ३० वॅट द्यायचे तर ७२० वॅट लागतील, हे कोणी पाहत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. समजा, अशा स्विचवर २४ कॅमेरे आहेत आणि दिवसा प्रत्येकी ५ वॅट घेतात. एकूण १२० वॅट झाले, सगळे सुरळीत चालते, हस्तांतरणाच्या कागदावर सह्या होतात. अंधार पडला की कॅमेऱ्यांतले इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येकाची गरज ९ वॅटवर जाते आणि बेरीज २१६ वॅट होते. बजेट ओलांडले गेले की स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो. सर्वांचे प्राधान्य सारखेच ठेवले असेल, तर अनेक स्विचमध्ये मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी बळी जातो. फाटकावरची केबल सगळ्यात लांबची, म्हणून पुष्कळदा शेवटी ओढून शेवटच्या पोर्टला लावलेली असते. त्यामुळे ज्या कॅमेऱ्याची रात्री सर्वाधिक गरज, तोच रात्री बंद पडतो आणि सकाळी तंत्रज्ञ येईपर्यंत पुन्हा सुरू झालेला असतो! कॅमेरा बदलून हा दोष जाणार नाही.

त्यावरचा उपाय महागडा नाही. फाटक, जिना आणि कोठडीच्या पोर्टना सर्वोच्च प्राधान्य द्यावे, प्रत्येक पोर्टवर उपकरणाच्या कमाल गरजेइतकी मर्यादा घालावी आणि ज्यावर काहीच जोडलेले नाही त्या पोर्टची वीज बंद ठेवावी. हे सारे केल्यावर सेटिंग स्विचमध्ये कायमचे जतन करणे अत्यंत आवश्यक आहे, कारण अनेक स्विचमध्ये जतन न केलेले बदल वीजपुरवठा खंडित होताच पुसले जातात आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो किती वेळा खंडित होतो हे वाचकांना सांगायला नको.

केबलकडेही असेच दुर्लक्ष होते. स्विचने दिलेल्या १५.४ वॅटपैकी उपकरणाला १२.९५ वॅटच मिळतील, असे मानकच गृहीत धरते. उरलेली वीज तारेच्या रोधात उष्णता होऊन जाते. हा हिशेब तांब्याच्या तारेचा आहे. बाजारात कॅट-६ (इथरनेट केबलचा एक दर्जा) म्हणून विकली जाणारी पुष्कळशी स्वस्त केबल आतून ॲल्युमिनियमची असते, तिला तांब्याचा फक्त मुलामा दिलेला असतो. तिचा रोध अधिक असल्याने लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नाही आणि तो रात्रभर बंद-चालू होत राहतो. केबल टोकाशी सोलून तार किंचित खरवडली, तर पांढरट धातू लगेच दिसतो. ही तपासणी गृहनिर्माण संस्थेचा सचिवही करू शकेल.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात रात्री दिसणारे आणि आवाजही टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. बदलापूरच्या घटनेनंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांनाही कॅमेरे सक्तीचे केले. कॅमेऱ्यांची संख्या त्यामुळे वाढेल, परंतु बजेट न मोजता स्विच घेत राहिलो, तर नेमक्या रात्रीचे चित्रीकरण हाती लागणार नाही, आणि कोठडीत किंवा वसतिगृहात काही विपरीत घडले असेल तर ते चित्रीकरण हाच एकमेव साक्षीदार असू शकतो.

म्हणून संबंधित विभागांना माझी विनंती आहे की निविदेत पोर्टच्या संख्येबरोबर एकूण पीओई बजेट वॅटमध्ये लिहावे, ते सर्व कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या गरजेपेक्षा किमान एक चतुर्थांश जास्त असावे, शुद्ध तांब्याच्या केबलची अट घालावी, प्रत्येक पोर्टच्या सेटिंगची छापील प्रत ठेकेदाराकडून घ्यावी आणि अंतिम देयक देण्यापूर्वी संपूर्ण यंत्रणेची चाचणी सूर्यास्तानंतरच करावी.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता, नाशिक