विषय : दर १० मिनिटांनी तुटणारी वेबसॉकेट जोडणी आणि त्यावर आपल्या विभागाने दिलेली उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

आपल्या प्रतिनिधीशी आज झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे, कारण या विषयावर आता फोनवर बोलण्यात मला अर्थ दिसत नाही.

आपल्याकडे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर मी ब्राउझरमध्ये खेळायचा मेंढीकोट चालवतो. ४ खेळाडू, २ जोड्या, प्रत्येकाला १३ पाने. पैसे लावले जात नाहीत, जाहिराती नाहीत, कोणाला ॲप डाउनलोड करावे लागत नाही. लिंक उघडली की खेळाडू डावावर बसतो. कोणी कोणते पान टाकले आणि हुकूम कोणता झाला हे चौघांना त्याच क्षणी दिसावे लागते, म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली वेबसॉकेट जोडणी सतत उघडी राहणे ही या खेळाची पहिली गरज आहे. आपल्या योजनेच्या माहितीत वेबसॉकेटची सोय असल्याचे स्पष्ट लिहिले आहे आणि त्याच भरवशावर मी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले.

गेल्या महिन्यात आपण रात्री देखभालीचे काम केलेत आणि तेव्हापासून प्रत्येक खेळाडूची जोडणी सुरू झाल्यावर बरोबर १० मिनिटांनी तुटते. जो आधी येऊन बसला तो आधी बाहेर फेकला जातो, मग दुसरा, मग तिसरा. ज्या क्रमाने माणसे बसली त्याच क्रमाने ती जातात. एक नाशिकला, एक सांगलीला आणि एक मस्कतला बसलेला असताना तिघांचेही घरचे इंटरनेट असे घड्याळ लावून बंद पडत असेल, हे आपल्याला खरोखर पटते का?

जोडणी निष्क्रिय राहिल्यामुळे बंद होते, असे आपले पहिले लेखी उत्तर होते. ते चुकीचे आहे. माझा सर्व्हर दर २५ सेकंदांनी पिंग, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा छोटा संदेश, पाठवतो आणि ब्राउझर त्याला उत्तर म्हणून आपोआप पाँग परत करतो. डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या मानकातच ही व्यवस्था आहे. जोडणी तुटण्याच्या काही सेकंद आधीपर्यंत पाँग आल्याच्या नोंदी मी आपल्याला पाठवल्या आहेत. ब्राउझरमध्ये दरवेळी १००६ हा कोड दिसतो, म्हणजे जोडणी बंद करत असल्याचा संदेश न पाठवताच ती मधूनच तोडली गेली. खेळाचा हाच प्रोग्रॅम मी दुसऱ्या एका भाड्याच्या सर्व्हरवर रात्रभर चालवून पाहिला आणि तिथे एकही जोडणी तुटली नाही. आता मध्ये उरतो तो फक्त आपला प्रॉक्सी, म्हणजे खेळाडू आणि माझा सर्व्हर यांच्यातली प्रत्येक जोडणी जिच्यातून जाते ती आपली मधली यंत्रणा, आणि त्याच्या नोंदी आपल्याकडेच आहेत.

आजच्या फोनवर काय झाले ते मात्र आपण सविस्तर वाचावे. प्रतिनिधीने प्रथम कॅशे साफ करायला सांगितले, मग दुसरा ब्राउझर वापरायला सांगितले. या दोन्ही गोष्टी केल्याचे तक्रारीत आधीच लिहिलेले होते. ती वाचण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. सुरुवातीची जोडणी नीट होते, सर्व्हरकडून १०१ हे उत्तर येते, असे मी सांगताच ते म्हणाले, "मग आधी ती १०१ ची एरर दुरुस्त करून घ्या." १०१ ही त्रुटी नसून एचटीटीपी या वेबपाने मागवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवरून वेबसॉकेटवर जाण्यास सर्व्हरने दिलेली संमती आहे, हे आपल्या उत्पादनाचे प्राथमिक ज्ञान मी आपल्याच माणसाला समजावून दिले. त्यांनी मला बराच वेळ थांबवून ठेवले आणि परत येऊन विचारले, "सर, तुमच्या प्लेयर्सना १० मिनिटांच्या आत गेम संपवायला सांगता येणार नाही का?" मी वरिष्ठांशी बोलण्याची मागणी केली, तेव्हा तक्रार 'ग्राहकाच्या बाजूची अडचण' म्हणून बंद केल्याचे मला सांगण्यात आले. सेवा आपण विकायची आणि ती चालावी म्हणून लोकांनी पाने भराभर टाकायची, हा सल्ला देताना आपल्या विभागात कोणालाही संकोच वाटला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

तुटलेली जोडणी परत जोडण्याची सोय मी केलेली आहे, पण तेवढ्या वेळात खेळाडूची पाळी निघून जाते. हातात दश्शी असलेला जोडीदार ऐन वेळी नाहीसा झाला की समोरच्याला तो मुद्दाम उठून गेला असे वाटते. त्यावरून माणसांमध्ये कटुता येते आणि काहींनी खेळायला येणे सोडले आहे. हे खेळाडू मी फार कष्टाने जमवले आहेत. दोष आपल्या प्रॉक्सीत आहे हे मी पुन्हा सांगतो, कारण एकदा सांगून ते कोणी ऐकलेले नाही.

देखभालीच्या रात्री प्रॉक्सीच्या कालमर्यादेत कोणता बदल केला हे मला लेखी कळवावे, ती मर्यादा काढावी किंवा माझ्या खात्यापुरती वाढवून द्यावी, आणि त्या रात्रीपासूनचे शुल्क परत करावे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, उरलेल्या मुदतीची रक्कम परत मागेन आणि खेळ दुसरीकडे हलवीन. आपली कंपनी मी स्वतः इतरांना सुचवत आलो आहे. यापुढे ते करणार नाही.

सोबत : सर्व्हरच्या नोंदी आणि आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती.

आपला ग्राहक