हॅम रेडिओचा सेट गरम होतो म्हणून बंद करू नका, आधी कपाटातून बाहेर काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्या पेपरात मॉन्सूनपूर्व तयारीच्या बातम्या सुरू होतात, बोटी तपासल्या, दोर तपासले, मॉक ड्रिल झालं, आणि हल्ली त्यात हॅम रेडिओचंही, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी लोकांच्या वायरलेसचंही, एखादं वाक्य असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा मोबाइल बंद पडल्यावर काय हाल होतात ते अख्ख्या कोकणाने बघितलंय, त्यामुळे हॅम कशाला हवा हे आता फार पटवावं लागत नाही. पण तो सेट नेऊन बसवतात कुठे, आणि तो तापला की लोक काय करतात, याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

एका तालुक्याच्या कंट्रोल रूममध्ये आमच्या ओळखीच्या एका हॅमने (हा रेडिओ चालवणाऱ्यालाही हॅमच म्हणतात) स्वतःचा मोबाइल सेट बसवून दिला होता. मोबाइल सेट म्हणजे फोन नव्हे, गाडीत बसवायचा रेडिओ. ड्रिलच्या दिवशी त्याच्यावरून सलग मेसेज चालू होते, तिथल्या एकाने सहज सेटच्या मागे हात लावला तर चटका बसला, झालं, कोणीतरी म्हणालं स्फोट होईल, लगेच वायर काढली आणि कागदावर शेरा गेला की सेट नादुरुस्त. सेट धडधाकट होता हो! तो तापणारच, त्याची बांधणीच तशी आहे.

हिशोब साधा आहे. टू मीटर बँडवरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, ५० वॅटचा सेट ट्रान्समिट करताना १३.८ व्होल्टवर साधारण ११ ॲम्पिअर ओढतो, म्हणजे आत जातात १५० वॅट आणि अँटेनाकडे जातात ५०. उरलेले शंभर वॅट जाणार कुठे, ते उष्णता होऊन त्या जेमतेम डब्याएवढ्या सेटच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमध्येच, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातच, येतात. आणि या सेटच्या एफएम पद्धतीत पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचं बटण, दाबून तुम्ही गप्प बसलात तरी पूर्ण पॉवर जातच असते, एसएसबी या दुसऱ्या पद्धतीसारखं आवाजाप्रमाणे कमीजास्त होत नाही, त्यामुळे "जरा थांबा हं, कागद शोधतो" असं म्हणत पीटीटी धरून ठेवणारा माणूस सेट फुकट तापवत असतो. ६० अंशाच्या पुढे गेलेला हीटसिंक हाताला धरवत नाही पण आतल्या आउटपुट ट्रान्झिस्टरला तेवढं सहज चालतं, आणि फारच तापलं तर बहुतेक नवे सेट आपण होऊन पॉवर कमी करतात. ती सोय आहे, बिघाड नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टींची. पहिली गोष्ट म्हणजे जागा. त्याच कंट्रोल रूममध्ये नंतर सेट परत लावला तो कुलपाच्या, काचेच्या दाराच्या प्लायवूडच्या कपाटात, का तर चोरीला जाऊ नये म्हणून. मागचा पंखा भिंतीला टेकलेला, सेटच्या वर फायली रचलेल्या. आता शंभर वॅटची गरम हवा बाहेर जायला वाटच नाही म्हटल्यावर पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणार, काही मिनिटांत पॉवर पडणार, आणि समोरचा म्हणणार तुमचा आवाज येईना. चोरीची भीती असेल तर जाळीचं दार लावा, मागे वीतभर मोकळी जागा सोडा, सेटच्या वर काही ठेवू नका. वर्षभर नुसता पडून असलेल्या सेटचा पंखा तर हाताने फिरवून बघाच, आमच्याकडे कोळ्याचं जाळं आणि पालीची अंडी दोन्ही निघालेली आहेत.

अँटेनाचं तर विचारूच नका. गाडीच्या टपावर लावायची मॅग्नेटवाली अँटेना उचलून आणतात आणि ऑफिसच्या लाकडी टेबलावर नाहीतर खिडकीच्या कठड्यावर ठेवतात. तिला खाली पत्रा लागतो, पाव वेव्हची, म्हणजे लहरीच्या लांबीच्या पाव उंचीची, अँटेना असेल तर चारी बाजूंनी साधारण अर्धा मीटर तरी लागतो, तो नसेल तर एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळत नाही याचं माप) वर जातो आणि पॉवर सेटकडे परत यायला लागते. ३ ला १ एसडब्ल्यूआर म्हणजे २५ टक्के पॉवर परत! सेटमधलं प्रोटेक्शन चांगलं असेल तर तो पॉवर आवरतो, नसेल तर आउटपुट स्टेज बिचारी भाजून निघते. कोकणात त्यात खारी हवा आणि पाऊस, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि केबलमधून आत आत जातं. यात एक फसवी गोष्ट अशी की पाणी प्यालेली केबल पॉवर स्वतःच खाऊन टाकते आणि सेटपाशी लावलेला मीटर एसडब्ल्यूआर उलट छान दाखवतो. म्हणून मीटर एकदा वर अँटेनापाशीही लावून बघायला हवा, गच्चीवर चढायचा कंटाळा करून चालत नाही.

आणि वायर. बॅटरी खाली, सेट वर, मध्ये पाच मीटर अंतर, आणि घरातल्या लाइट फिटिंगची उरलेली १ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली. ११ ॲम्पिअरला जाऊन येऊन जवळपास दोन व्होल्ट त्या वायरमध्येच पडतात आणि वीसेक वॅट वायर स्वतः तापण्यात जातात. ४ स्क्वेअर एमएमची टाकली तर हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं, आणि त्यासाठी काही लाखांचं टेंडर काढावं लागत नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या जवळच हवा. जीपमध्ये सेट लावताना सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घेतात ते तर ताबडतोब बंद करा, ५० वॅटला तो प्लग मऊ पडून वितळतो आणि आगीची खरी भीती असेल तर ती तिथे आहे, हीटसिंकमध्ये नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पॉवर कमी ठेवणं, आणि तोच आपल्याकडे कोणी करत नाही, हाय पॉवर म्हणजे भारी असं डोक्यात बसलंय. ५० वरून १० वॅटवर आलं तर ऐकणाऱ्याच्या मीटरवर एखाद्या एस-युनिटचा (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) फरक पडतो. रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुढे पसरवणारं उंचावरचं स्टेशन, आपल्या सिग्नलने नीट चालू होत असेल तर तो फरक कानाला कळतही नाही, पण करंट निम्म्याच्या आसपास येतो, उष्णताही तशीच कमी होते आणि लाइट गेल्यावर बॅटरी किती जास्त टिकेल ते बघा. ओव्हरही, म्हणजे एका दमात पीटीटी धरून बोलणं, लहान ठेवायला हव्यात. काही सेटच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की एक मिनिट ट्रान्समिट, तीन मिनिटं रिसीव्ह. पुराच्या रात्री तसं घड्याळ लावून कोणी बोलणार नाही हे मलाही कळतं, पण मेसेज आधी कागदावर लिहून मग पीटीटी दाबलं तरी खूप फरक पडतो.

माझी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन विभागांना कळकळीची विनंती आहे की यंदाच्या ड्रिलमध्ये नुसतं "हॅलो हॅलो, आवाज येतोय का" एवढ्यावर थांबू नका. सेट नेहमीच्या जागी, नेहमीच्या बॅटरीवर, अर्धा तास खऱ्या कामासारखा चालवून बघा आणि ट्रान्समिट करताना व्होल्टेज किती पडतं, एसडब्ल्यूआर किती येतो आणि पंखा फिरतो का, एवढं रजिस्टरला लिहा. जळका वास आला, प्लग मऊ लागला किंवा पंखा बंद दिसला तर जरूर बंद करा, पण नुसता हाताला गरम लागला म्हणून नको. आणि हे सगळं तपासायला जवळच्या कुठल्याही परवानाधारक हॅमला बोलवा. आम्ही याचे पैसे घेत नाही, आमच्या लायसन्सवर ते घेताही येत नाहीत, फक्त दोन दिवस आधी सांगा म्हणजे मीटर आणि जाड वायर बरोबर घेऊन येता येईल.

आपला,
कोकणातला एक हॅम ऑपरेटर