गॅलरीतली हातभट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरच्या घरी स्पिरिट गाळण्याचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चष्मा पुसून. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरी गाळायला मुभा आहे, हे लेखकाचं म्हणणं खरं आहे. पण आपला अंक ऑकलंडात खपत नाही. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, नुसती प्यायची म्हटली तरी कागदोपत्री परवाना लागतो. लेखात यावर एवढंच आहे, 'कायदेशीर बाबी तपासून घ्याव्यात'. चपला सांभाळण्याची जबाबदारी आमची नाही, तशी ही पाटी.

आपल्याच अंकात पान तीनवर 'हातभट्टीवर छापा, कच्चे रसायन नष्ट' ही बातमी महिन्यातून एकदा तरी असते. तिथला आणि पुरवणीतला फरक मी शोधला. तिथे गूळ काळा असतो, पुरवणीत तो सेंद्रिय आहे.

आता रसायनशास्त्र. पहिली अर्धी वाटी फेकली की मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, गेलं, असं लेखक म्हणतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं अल्कोहोल, ७८.४ ला, हे पुस्तकात बरोबर आहे. पण भांड्यात ती पाण्यासकट एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे मिथेनॉल पुढेही थोडं थोडं येतच राहतं. गुळाच्या आंबवणात ते मुळात नगण्य असतं, फळांतल्या पेक्टिनमुळे वाढतं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं गेली, ती पहिली वाटी फेकायची राहिली म्हणून नव्हे, दारू म्हणून त्यांना मिथेनॉलच पाजलं गेलं म्हणून. आणि कुकरला नळी जोडून शेजारी गॅस पेटता ठेवायचा, खोलीत स्पिरिटची वाफ, यावर लेखात एक अक्षर नाही! तीनदा गाळली की शंभर टक्के शुद्ध, हे तर आमच्या बारावीच्या पोरांनीही लिहिलं नसतं. नुसतं गाळून वजनी ९५.६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

हे मला ठाऊक आहे कारण शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होतो. तिथे स्पिरिटची बाटली कुलपात असायची. किल्ली विभागप्रमुखांकडे, रजिस्टर माझ्याकडे: तारीख, कोणाला दिलं, किती मिलि, शिल्लक, सही. एका मे महिन्याच्या सुट्टीत बूच सैल राहिलं आणि जूनमध्ये शिल्लक साठ मिलि कमी भरली. साठ मिलि म्हणजे खोकल्याच्या औषधाची सहा झाकणं. मी खुलासा लिहिला, 'बाष्पीभवन'. तो तीन प्रतींत परत मागवला. मग तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घरी कोण कोण घेतं?" माझे वडील माळकरी होते, पंढरीची वारी कधी चुकली नाही. मी काही बोललो नाही. शेवटी माझ्या खुलाशातला 'बाष्पीभवन' शब्द लाल शाईने खोडून वर 'हलगर्जीपणा' लिहिला गेला आणि वेतनवाढ सहा महिने पुढे ढकलली. विभागप्रमुखांना काही झालं नाही, किल्ली मात्र त्यांचीच होती.

आणि काल पुरवणीत लेखकाने हसतमुख लिहिलंय, सुरुवातीला पाच लिटरचं भांडं पुरे. पाच लिटर! रजिस्टर कोण ठेवणार?

जाता जाता: लेखात 'डिस्टिलेशन' सतरा वेळा आहे, मी मोजलं. 'ऊर्ध्वपातन' जड वाटत असेल तर 'गाळणे' होतं की. मराठी माणसाने शेकडो वर्षं दारू गाळलीच आहे, डिस्टिल नाही केली.

या लेखाला सव्वा पान मिळावं म्हणून शब्दकोडं आत ढकलून निम्म्या आकाराचं केलंत, तेही लक्षात आलं आहे. त्या चौकोनात जोडाक्षर मावत नाही. कृपया पुढच्या रविवारी ते पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या आकारात द्यावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे ३०