शब्द टाळला म्हणून हेतू चांगला होता?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या राज्यघटनेवरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की घटनाकारांना गुलामगिरी संपवायचीच होती, म्हणूनच त्यांनी 'गुलाम' हा शब्द घटनेत कुठेच येऊ दिला नाही. शब्द नाही हे खरंय, पण त्यावरून हेतू कसा काय कळतो?

1787 ला फिलाडेल्फियात घटना लिहायला जे बसले होते त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी गुलाम होते, वॉशिंग्टन काय, मॅडिसन काय. मॅडिसनच तिथे बोलला की माणूस ही मालमत्ता असू शकते असं घटनेत येणं चूक आहे, आणि स्वतःच्या गुलामांना मात्र त्याने मृत्युपत्रातसुद्धा मोकळं केलं नाही. म्हणजे लाज होती, नाही असं नाही, पण ती कागदापुरती. म्हणून मग 'इतर व्यक्ती' वगैरे लिहून वेळ मारून नेली.

आणि राज्याची लोकसंख्या मोजताना ते पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायचं प्रकरण! आपल्याकडे अनेकांना वाटतं की पूर्ण मोजलं असतं तर न्याय झाला असता. अहो उलटंय सगळं. पूर्ण मोजा हा हट्ट दक्षिणेतल्या गुलाममालकांचाच होता, कारण जितकी डोकी जास्त तितक्या प्रतिनिधीगृहात जागा जास्त, अध्यक्षाच्या निवडणुकीतलं वजनही त्याच हिशोबाने, आणि ज्याचं डोकं मोजलं त्याला मत द्यायचा अधिकारच नाही. वर 1808 पर्यंत बाहेरून गुलाम आणायला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बंदी घालायची नाही, पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, हेही त्याच घटनेत. 1790 च्या जनगणनेत गुलाम 7 लाखांच्या आसपास होते, 1860 ला 40 लाखांच्या घरात गेले.

आता फ्रेडरिक डग्लसचं बघा. हा माणूस स्वतः गुलामीतून पळालेला, आधी गुलामगिरीविरोधी पुढारी गॅरिसनच्या गटातला. गॅरिसन घटनेला इतका वैतागलेला की 1854 ला भर सभेत तिची प्रत जाळली. डग्लस मात्र तोवर वेगळा झाला होता. त्याचं म्हणणं, बंद खोलीत कोणाच्या मनात काय होतं ते सोडा, कागदावर काय आहे ते वाचा, गुलाम शब्दच नाही तर मालकाचा हक्क आला कुठून? हा वकिली डाव झाला, आणि मला तर जाम आवडतो, पण त्याने घटनाकारांचं मन साफ होतं हे काही सिद्ध होत नाही.

'गुलामगिरी' हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला 1865 च्या तेराव्या दुरुस्तीत, ती संपवताना, तोही लाखो माणसं यादवी युद्धात मेल्यावर. जोतिबांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते सुद्धा गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना, 1787 वाल्यांना नाही.

जमलं तर पुढच्या रविवारी तेवढं एक वाक्य दुरुस्त करून छापा.

आपला एक जुना वाचक, सातारा