आधी वजनकाटा तपासा

महोदय,

विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की कुपोषणाचे आकडे बाहेर पडतात. विरोधक एक आकडा मांडतात, मंत्री दुसरा वाचून दाखवतात. बहुतेक वेळा दोन्ही कागदावर बरोबर असतात आणि म्हणूनच कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. कोणत्या प्रकारचे कुपोषण, कोणत्या महिन्यात, किती मुलांपैकी आणि काय मोजून, हे कोणी विचारलेलेच नसते. मुलांच्या पोषणाबद्दल सरकारला जाब विचारायचा तर सुरुवात अंगणवाडीतल्या वजनकाट्यापासून करावी लागेल. ती कशी करायची, एवढ्यासाठीच हे पत्र.

आधी शब्द नीट करू. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर मूल 'कमी वजनाचे', वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजे आणि उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर कृश. 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित, हा शेरा बसतो तो तिसऱ्या मोजमापावर मूल अतिकृश ठरले तर. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली तरीही तो बसतो. म्हणून 'सॅम बालके घटली' या बातमीतून खुज्या मुलांचे काय झाले हे कळत नाही. मंत्र्यांच्या उत्तरात हे तिन्ही प्रकार बेमालूम मिसळतात आणि ऐकणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, २५.६ टक्के कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. चौथ्या फेरीतही कृश मुले २५.६ टक्केच होती, पण अतिकृश मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. या सर्वेक्षणात प्रशिक्षित पथके निवडलेल्या घरी जाऊन मोजमाप करतात. दुसरीकडे मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल ॲपवर अंगणवाडी सेविका दरमहा वजन-उंची भरतात. त्याच ॲपच्या आधारे २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील सुमारे ३६ टक्के मुले खुजी, १७ टक्के कमी वजनाची आणि अवघी ६ टक्के कृश होती. सर्वेक्षणातले देशाचे आकडे अनुक्रमे ३५.५, ३२.१ आणि १९.३ टक्के आहेत. खुजेपणा जुळतो, कमी वजन जवळपास निम्मे होते आणि कृशता एक तृतीयांशाहूनही कमी भरते.

नमुना वेगळा आणि वर्ष वेगळे, हे मान्य. तरीही या विसंगतीचा आकार बोलका आहे. मुलाची लांबी प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदली गेली तर दोन गोष्टी एकदम होतात: मूल जास्त खुजे दिसते आणि त्या तोकड्या लांबीच्या मानाने त्याचे वजन पुरेसे वाटू लागते. म्हणजे कृशता झाकली जाते. साधारण ८० सेंटिमीटरच्या मुलाची लांबी २ सेंटिमीटरने चुकली तर अपेक्षित वजनाची रेषा ३०० ग्रॅमच्या आसपास सरकते आणि तेवढ्यात मूल 'सॅम'मधून 'मॅम'मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, जाऊन बसते. मात्र कमी वजनाची मुले ३२ वरून १७ टक्क्यांवर येण्यात लांबीचा काही संबंध नाही. तिथे दोष वजनाचा, वयाचा किंवा मोजणीतून सुटलेल्या मुलांचा असू शकतो. ट्रॅकर खोटा आणि सर्वेक्षण खरे, असा आमचा दावा नाही. फरक कुठून येतो हे शोधता येते आणि शासनाने ते शोधलेले नाही, एवढेच म्हणणे आहे.

चूक होते कशी? दोन वर्षांखालील मुलाला इन्फँटोमीटरवर, म्हणजे लांबी मोजण्याच्या फळीवर, आडवे झोपवून मोजायचे असते आणि त्याला दोन माणसे लागतात. एकाने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी टाचांना लावायची. मदतनीस आहार शिजवत असेल, किंवा तिचे पदच रिक्त असेल, तर सेविका एकटी पडते. मूल पाय आखडून घेते आणि वाचन एक-दोन सेंटिमीटरने कमी येते. दोन वर्षांवरील मूल उभे मोजायचे. उभी उंची आडव्या लांबीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटरने कमी भरते. म्हणून लहान मूल उभे मोजले तर तेवढी भर घालावी लागते आणि मोठे मूल आडवे मोजले तर तेवढीच वजाबाकी करावी लागते. कसे मोजले याची नोंदच नसेल तर ही दुरुस्ती अशक्य होते.

वजनाचे दुखणे निराळे. काटा सपाट, टणक जमिनीवर हवा. उखडलेल्या फरशीवर तो डुगडुगतो. सेल उतरले की वाचन स्थिर होत नाही. थंडीत स्वेटर-टोपीसकट वजन घेतले की दोन-तीनशे ग्रॅम फुकटचे वाढतात. आणि काटाच बंद असेल तर गेल्या महिन्याच्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवून रकाना भरला जातो, कारण रिकामा रकाना ॲपवर वरच्या अधिकाऱ्याला लगेच दिसतो. भरलेला खोटा रकाना कोणालाच दिसत नाही.

तो दिसू शकतो मात्र, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. एका बाल विकास प्रकल्पातील चार-पाचशे मुलांची वजने घ्या आणि दशांश चिन्हानंतरचा अंक मोजा. ० ते ९ यांपैकी प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. ० आणि ५ हेच निम्म्याहून अधिक वेळा आले, तर वजने काट्यावर पाहून नव्हे तर अंदाजाने लिहिली आहेत. उंचीलाही हीच कसोटी. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक मूल दरमहा ठरावीक आकड्याने वाढणे. खऱ्या मुलाचे वजन असे शिस्तीत वाढत नाही. पावसाळ्यात जुलाब झाले की ते घटते. वर्षभरात एकाही मुलाचे वजन कमी न झालेली वही अधिकाऱ्यांना आदर्श वाटेल, आम्हाला ती संशयास्पद वाटते.

ही नोंद नागरिकांना मिळते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली बाल विकास प्रकल्प कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करायचा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून सगळे एकदम मागू नये. अर्ज तेवढ्याच कारणाने परत येतो. मुलांची नावे मागू नयेत. ती खासगी माहिती आहे, नकाराला निमित्त मिळते आणि हिशेबासाठी तिची गरजही नसते. मागणी नेमकी हवी: 'अमुक प्रकल्पातील सर्व अंगणवाड्यांची गेल्या तीन महिन्यांची नोंद, नावे वगळून: जन्मतारीख, मोजणीची तारीख, वजन, उंची किंवा लांबी, उभे की आडवे, दंडघेर.' दुसऱ्या अर्जात वजनकाटे, इन्फँटोमीटर आणि स्टॅडिओमीटर (उभी उंची मोजण्याचे साधन) यांची साठा नोंदवही, नादुरुस्त साधनांची यादी आणि दुरुस्तीच्या मागणीपत्रांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. 'कुपोषणाची माहिती द्यावी' असा मोघम अर्ज केला की तीन ओळींचे मोघम उत्तर येते, यात नवल नाही.

पोषण आहाराबद्दल याच कायद्यात फारसे न वापरले गेलेले एक हत्यार आहे. कलम २ मधील 'माहितीचा अधिकार' या व्याख्येत साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही येतो. घरपोच आहाराच्या, म्हणजे टीएचआरच्या पाकिटाचा नमुना अधिकृतपणे मागून तो प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या मूळ अनुसूची दोननुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. २०२३ मध्ये ही अनुसूची सुधारली गेली, म्हणून तक्रारीआधी चालू प्रमाण पाहून घ्यावे. 'आहार निकृष्ट आहे' ही तक्रार हवेत विरते. 'प्रथिने इतकी हवी होती, अहवालात इतकी आली' ही तक्रार सहज झटकता येत नाही. शिवाय चांगले पाकीटही घरात चौघांत वाटले गेले तर मुलाच्या वाट्याला पाव भाग येतो. हा दोष आईचा नाही. घरातले रेशन पुरत नसेल तर टीएचआर हे सगळ्या कुटुंबाचे जेवण होणारच.

आहार मिळालाच नाही तर काय? अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, पण तो मागितला जात नाही. १ जुलै २०२५ पासून टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर पटवणे सक्तीचे झाले. नेटवर्क नाही, फोन जुना, आई मजुरीला गेलेली, अशा कारणांनी पाकीट अडले तर तो पुरवठ्यातला खंडच मानायला हवा. अशा प्रत्येक वेळी तारीख आणि कारण लिहून सेविकेची पोच घ्यावी आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिथे निकाल लागला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे जावे. अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सबळ कारणाशिवाय नाकारणाऱ्या लोकसेवकाला कलम ३३ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम किरकोळ आहे, पण त्यामुळे जबाबदारीला एक नाव चिकटते.

वस्तीवर अंगणवाडीच नसेल तर डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पाहावा. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे. ग्रामसभेचा ठराव आणि मुलांची यादी जोडून अर्ज करावा.

स्थलांतराकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले वहीत 'स्थलांतरित' होतात आणि महिन्याच्या टक्केवारीतून गळतात. कारखान्याच्या तळावरही ती कोणाच्या वहीत चढत नाहीत. सर्वांत जास्त धोक्यातली मुलेच हिशेबाबाहेर गेल्याने उरलेल्यांची टक्केवारी सुधारते आणि त्याला प्रगती म्हटले जाते. म्हणून आमदारांनी प्रश्न विचारताना नोंदणी झालेली मुले, त्या महिन्यात प्रत्यक्ष मोजलेली मुले आणि स्थलांतरित म्हणून वगळलेली मुले असे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. बालमृत्यूंच्या उत्तरातही असेच पाहावे. मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया किंवा अतिसार असतो, कुपोषण जवळपास कधीच नसते. मुलाचे शेवटचे नोंदलेले वजन सोबत मागितले तरच त्या उत्तराला अर्थ येतो. मेळघाटातील बालमृत्यूंवरच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात १९९०च्या दशकापासून येत आहेत. शपथपत्रांचे ढीग साचले, पण त्यांतल्या नोंदी कोणी काट्यावर घालून पाहिल्या का, हा प्रश्न उरतोच.

यातले काहीही सेविकांवर डाफरण्यासाठी वापरू नये. 'सॅम' मुले जास्त दाखवणाऱ्या सेविकेला खुलासा मागितला जातो, कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्राचे काम तिच्यावरच वाढते आणि शून्य दाखवणारी बैठकीत निवांत बसते. अशा व्यवस्थेत प्रामाणिक नोंद हाच तोटा असतो. जास्त मुले शोधणाऱ्या बीटला, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाला, जादा आहार, औषधे आणि डॉक्टरांची भेट आधी मिळाली पाहिजे.

पडताळणीसाठी नवी यंत्रणाही नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. त्या दिवशी पथकाने घेतलेले वजन आणि सेविकेने त्या महिन्यात भरलेले वजन शेजारी-शेजारी ठेवले, तर प्रत्येक प्रकल्पातल्या चुकांचा दर निघतो. महिला व बालविकास विभाग आणि आरोग्य विभाग यांच्या वह्या वेगळ्या असल्याने आज हे होत नाही. दोन्ही विभागांनी ही तुलना प्रकल्पनिहाय, नावांशिवाय, दर सहा महिन्यांनी जाहीर करावी. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या अंगणवाडीत काटा बंद आहे, तिने महिला व बालकल्याणासाठी राखायच्या स्वउत्पन्नातील १० टक्के निधीतून तो आधी घ्यावा. त्या निधीचा गेल्या वर्षीचा खर्च कशावर झाला, हे येत्या ग्रामसभेत विचारता येईल.

— बालपोषणाच्या नोंदींचा अभ्यास करणारे काही वाचक